ड्रोनवरील मोबाइल केंद्र आणि सिग्नलचा भरवसा : ग्रामीण विदर्भासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात ज्या गावांचा रस्त्याचा आणि फोनचा संपर्क एकाच वेळी तुटतो, अशा पूर्व विदर्भातील आणि मेळघाटातील ग्रामपंचायती, महसूल कर्मचारी, आशा सेविका आणि आपत्ती व्यवस्थापनाचे स्वयंसेवक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. ड्रोन किती उंच जातो याचे कुतूहल सगळ्यांनाच असते, परंतु त्याच्यामुळे लागलेला फोन किती वेळ टिकतो आणि कशामुळे तुटतो, हा प्रश्न पूरग्रस्त गावासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

ड्रोनवरील मोबाइल केंद्र म्हणजे नेमके काय?

मोबाइल टॉवरवर जी यंत्रणा बसवलेली असते, तिचे छोटे रूप म्हणजे रेडिओ, अँटेना आणि थोडी प्रक्रिया करणारे यंत्र ड्रोनवर बसवून ते हवेत एका जागी स्थिर ठेवले जाते. जमिनीवरील साधा मोबाइल त्याला नेहमीच्या टॉवरसारखाच जोडला जातो. त्यासाठी वेगळे ॲप किंवा वेगळा फोन लागत नाही. काही रचनांमध्ये ड्रोनवर पूर्ण केंद्र नसते, तर दूरच्या टॉवरचा सिग्नल पकडून पुढे देणारे रिले यंत्र असते. अशा रचनेचे वजन कमी भरते, पण मूळ टॉवर बंद पडला की तिचाही उपयोग संपतो. त्यामुळे कोणी प्रात्यक्षिक दाखवायला आले, तर हवेत केंद्र आहे की रिले, हे आधी विचारून घ्यावे.

आपल्या भागात त्याची गरज केव्हा पडते?

भामरागड हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळच्या या गावाचा पर्लकोटेला पूर आला की तालुक्याबाहेरील जगाशी संबंध तुटतो आणि वीज गेलेली असल्यास टॉवरही बॅटरी संपेपर्यंतच चालतो. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावरील सिरोंच्याची स्थिती फार वेगळी नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांतील नदीकाठची गावे वेढली होती. अशा वेळी टॉवर उभा असतो, पण त्याच्या जनरेटरला डिझेल पोहोचत नाही, किंवा रपट्यावरून वाहणाऱ्या पाण्याने रस्त्याकडेची ऑप्टिकल फायबर उखडलेली असते. टॉवर बंद पडल्यापासून तो दुरुस्त होईपर्यंतच्या काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी ड्रोनवरील केंद्राचा विचार करायचा असतो.

असे ड्रोन कोठे प्रत्यक्ष वापरले गेले आहेत का?

होय. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने प्युएर्तो रिको बेटावरील ९५ टक्क्यांच्या आसपास मोबाइल केंद्रे बंद पाडली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये एटी अँड टी कंपनीने तेथे केबलने जमिनीशी जोडलेला ड्रोन सुमारे २०० फुटांवर ठेवून आवाज, संदेश आणि डेटा या तिन्ही सेवा दिल्या. जानेवारी २०२४ मध्ये जपानमधील नोतो द्वीपकल्पाच्या भूकंपानंतर सॉफ्टबँकनेही केबलवरील ड्रोनचा आधार घेतला. याउलट, सुमारे २० किलोमीटर उंचीवरून बलूनद्वारे सेवा देणारा गूगलचा लून प्रकल्प जानेवारी २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले आणि फेसबुकने आपले अक्विला हे सौरविमान बनवणे २०१८ मध्ये थांबवले. आपत्तीच्या जागी, कमी उंचीवर आणि ठरावीक दिवसांसाठी आकाशातील केंद्र उपयोगी पडते, हे पहिल्या दोन उदाहरणांनी दाखवले आहे. कायमस्वरूपी सेवेसाठी ते परवडत नाही, हे उरलेल्या दोन प्रकल्पांवरून दिसते.

ड्रोन जितका उंच, तितका सिग्नल चांगला, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. कंदील उंच टांगला की उजेड दूरवर जातो, पण खाली पोहोचणारा उजेड मंद होतो. येथेही तसेच होते. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, म्हणजे पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. दुसऱ्या बाजूला, ड्रोन वर गेला की झाडे, घरे आणि टेकाडे यांच्यावरून तो थेट दिसू लागतो, आणि थेट नजरेमुळे होणारा लाभ अनेकदा अंतराच्या तोट्याहून कितीतरी मोठा असतो.

हे आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. समजा ड्रोन १२० मीटरवर आहे आणि आपण त्याच्यापासून एक किलोमीटर अंतरावर अंगणात उभे आहोत. आपल्या आणि ड्रोनच्या दरम्यान, आपल्यापासून सुमारे ११५ मीटरच्या आत १५ मीटर उंचीचे मोहाचे किंवा सागाचे झाड असेल, तर ते थेट रेषा अडवते. हेच अंतर तीन किलोमीटर झाले, तर आपल्यापासून ३४० मीटरपर्यंतचे तसे कोणतेही झाड आडवे येते. धानाच्या बांध्यांत ही अडचण फारशी जाणवत नाही, परंतु एटापल्ली किंवा धारणीकडच्या जंगलात लपलेल्या टोल्यावर (छोट्या वस्तीवर) एक किलोमीटरपलीकडचा ड्रोन बहुतेक वेळा झाडांआडच राहतो.

योग्य उंची भूप्रदेशावर अवलंबून असते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाने गणिताने मांडले. विरळ वस्तीत, व्याप्तीच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रोन क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर दिसावा अशी उंची सर्वाधिक क्षेत्र देते, तर दाट शहरात हा कोन ५४ अंशांच्या पुढे जातो. या हिशेबाने तीन किलोमीटर त्रिज्येसाठी ड्रोन किलोमीटरभर उंच हवा. पण आपल्याकडे हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ड्रोनसाठी खुल्या ठेवलेल्या हवाई क्षेत्रात, परवानगीशिवाय उडवण्याची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. म्हणून व्याप्ती वाढवण्यासाठी ड्रोन उंच टेकडीवरून, किल्ल्याच्या माथ्यावरून किंवा पाणी न चढणाऱ्या उंच माळावरून सोडणे हा आपल्याकडचा खरा उपाय ठरतो. मेळघाटात गाविलगडच्या डोंगररांगांचा असा लाभ मिळतो. भामरागडच्या सखल नदीपात्राजवळ तो मिळत नाही.

ड्रोनच्या अगदी खाली उभे राहिल्यास सर्वांत चांगला सिग्नल मिळेल का?

तसे होईलच असे नाही. सर्व दिशांना सिग्नल पसरवणारा साधा उभा अँटेना आडव्या दिशेने जोरात आणि सरळ खाली अगदी क्षीणपणे प्रक्षेपण करतो. अँटेना खाली तोंड करून बसवला असेल, तर परिस्थिती उलटी असते. आरोग्य शिबिर किंवा निवारा केंद्र नेमके कोठे आहे, हे ड्रोनचालकाला आधीच सांगण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

फोनवर सिग्नलच्या पूर्ण दांड्या दिसतात, तरी कॉल लागत नाही. असे का होते?

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

फोनवरील दांड्या केवळ ड्रोन आणि फोन यांच्यामधील रेडिओ दुव्याची ताकद सांगतात. आपला आवाज नागपूरला किंवा अहेरीला पोहोचण्यासाठी तो ड्रोनवरून पुढे कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंत जावा लागतो. या मागच्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. तो तुटला तर ड्रोन पूर्ण जोराने प्रक्षेपण करत असूनही कॉल, संदेश आणि इंटरनेट यांपैकी काहीच चालत नाही. सिम ओळखणारी, कॉल जोडणारी आणि नोंद ठेवणारी यंत्रणा मुख्य जाळ्यात असते, ड्रोनवर नसते.

बॅकहॉलसाठी तीन मार्ग उरतात. जवळच्या ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची फायबर शाबूत असेल, तर ती सर्वांत उत्तम. केबलवरील ड्रोनच्या दोरातूनच एक बारीक फायबर वर नेता येते आणि त्यामुळे हवेतला एक दुवा वाचतो. फायबर तुटली असेल, तर दूरच्या चालू टॉवरकडे रोखलेला मायक्रोवेव्ह दुवा वापरता येतो, पण त्यालाही मोकळी वाट लागते. ६ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या १० किलोमीटर लांबीच्या दुव्याला मध्यावर सुमारे ११ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा निदान ६० टक्के भाग अडथळ्याविना असावा लागतो. दोन टोके एकमेकांना दिसतात एवढ्याने भागत नाही. मधल्या झाडांचे शेंडे नुसते रेषेखाली असले, तरी दुवा कमजोर होतो.

तिसरा मार्ग उपग्रहाचा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. त्यामुळे एका बाजूचा आवाज पोहोचायलाच पाव सेकंद लागतो आणि प्रश्न विचारून उत्तर ऐकू येईपर्यंत अर्धा सेकंद उलटतो. बोलणाऱ्यांनी एकमेकांचे वाक्य पूर्ण होऊ दिले, तर संभाषण व्यवस्थित होते. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांमध्ये हा विलंब जवळजवळ जाणवत नाही, परंतु त्यांना आकाशाचा मोठा भाग मोकळा दिसावा लागतो आणि दाट सागवनात तशी जागा शोधावी लागते.

दुसरी अडचण क्षमतेची असते. एका व्होल्टी (फोर-जीवरून होणाऱ्या) कॉलला दोन्ही दिशा मिळून शंभर किलोबिटपेक्षाही कमी जागा लागते, म्हणजे काही मेगाबिटच्या उपग्रह दुव्यावर अनेक कॉल एका वेळी चालू शकतात. पुराचे व्हिडिओ पाठवायला गावातील वीस-पंचवीस जणांनी एकदम सुरुवात केली, तर हा दुवा भरून जातो आणि बाळंतिणीला नेण्यासाठी लावलेला फोन अडकतो. म्हणून पहिल्या दिवशी केंद्र केवळ आवाज आणि संदेश यांच्यासाठी खुले ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लोकांना ते कठोर वाटले, तरी त्यामुळे जीव वाचण्याची शक्यता वाढते.

बॅकहॉल पूर्णपणे तुटला, तर गावातल्या गावात तरी बोलता येईल का?

ड्रोनसोबत जमिनीवर छोटे मुख्य जाळे ठेवल्यास येते. मुख्य जाळ्यापासून तुटलेल्या केंद्राने स्थानिक संपर्क चालू ठेवण्याची पद्धत थ्रीजीपीपी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने तेराव्या आवृत्तीत ठरवून दिली आहे. मात्र ती मुख्यतः पोलीस, अग्निशमन आणि बचाव पथकांसाठी आहे. त्यांच्या सिमची नोंद त्या छोट्या जाळ्यात आधीच करून ठेवलेली असावी लागते. गावकऱ्याच्या नेहमीच्या सिमची ओळख पटवणारी गुपिते कंपनीच्या मुख्य जाळ्यातच असल्याने ते सिम अशा तुटलेल्या जाळ्यात सहसा जोडले जात नाही.

ड्रोन वाऱ्यात हलतो, त्यामुळे सिग्नल तुटतो का?

फोनकडे जाणाऱ्या सिग्नलला हलण्याचा त्रास फारसा होत नाही. ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने सरकला, तरी १८०० मेगाहर्ट्झला होणारा वारंवारतेतील फरक सुमारे ६० हर्ट्झ असतो आणि फोर-जीचा सिग्नल ज्या १५ किलोहर्ट्झ रुंदीच्या बारीक उपवाहकांत विभागलेला असतो, त्यांना तो सहज पचतो. त्रास होतो तो अरुंद झोताच्या मायक्रोवेव्ह दुव्याला. ड्रोन वाऱ्याला तोंड देताना काही अंश कलतो आणि झोतच तेवढ्या अंशांचा असेल, तर तो समोरच्या टोकावरून सरकतो. यावर उपाय साधा आहे. मायक्रोवेव्हची तबकडी जमिनीवरील खांबाला बांधावी आणि ड्रोनपर्यंत फायबरनेच जावे.

पाऊस, वीज आणि उन्हाळा यांचा काय परिणाम होतो?

मोबाइलच्या ७०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत पावसाच्या थेंबांनी होणारी घट नगण्य असते. पावसात सिग्नल खराब होतो हा अनुभव खरा आहे, पण त्याला ओली पाने, वीज जाणे आणि पाणी शिरलेली जोडणी कारणीभूत असते. ८० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या उच्च वारंवारतेच्या दुव्यांना मात्र मुसळधार पाऊस खरोखरच मारतो. मान्सूनमध्ये ते निवडू नयेत.

ड्रोनला प्रत्यक्ष धोका असतो तो वाऱ्याचा. बहुतेक बहुपंखी ड्रोन सेकंदाला १० ते १२ मीटर, म्हणजे ताशी साधारण ४० किलोमीटर वाऱ्यापर्यंत चालतात. वळिवाच्या वादळातील झोत त्याहून जोरदार असू शकतो. वीज कडाडू लागली की ड्रोन उतरवणे हा एकच मार्ग उरतो, कारण जमिनीशी जोडलेली उभी तार विजेला वाट देते. त्या अवधीत सेवा बंद राहणार, हे गावाला आधीच सांगावे.

उन्हाळ्याचा परिणाम सहसा कोणी हिशेबात धरत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. १५ अंशांच्या तुलनेत त्या तापमानाची हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, त्यामुळे तेच वजन उचलायला पंख्यांना अधिक शक्ती लागते. रेडिओचे तापलेले यंत्रही स्वतःला वाचवण्यासाठी प्रक्षेपणाची ताकद कमी करते. उत्पादकाने पत्रकात छापलेला उड्डाणाचा वेळ आपल्याकडच्या दुपारी मिळत नाही, हे गृहीत धरून नियोजन करावे.

बॅटरीवरील ड्रोन किती वेळ टिकतो?

रेडिओचे वजन घेऊन उडणारा बॅटरीवरील ड्रोन साधारणतः २० ते ४० मिनिटे हवेत राहतो. एका गावात दोन तास शोधकार्य चालू असताना त्याचा उपयोग होतो, पण तीन दिवसांच्या पुरात होत नाही. दीर्घ सेवेसाठी केबलवरील ड्रोनच हवा. जमिनीवरील जनरेटरमधून उच्च दाबाची वीज बारीक तारेने वर जाते आणि ड्रोनवर तिचा दाब उतरवला जातो. दाब जास्त ठेवल्याने प्रवाह कमी लागतो आणि तार हलकी राहते. असा ड्रोन दिवसभर वर राहू शकतो. मग प्रश्न बॅटरीचा उरत नाही, डिझेलचा उरतो. ज्या रस्त्याने टॉवरला डिझेल पोहोचले नाही, त्याच रस्त्याने ड्रोनला पोहोचेल असे मानण्यात अर्थ नाही.

येथे एक बारीक गोष्ट नोंदवतो. पाऊस पडत असताना केबलवरून पाणी ओघळत खाली येते आणि थेट जमिनीवरील जोडणीच्या डबीत शिरते. डबीच्या आधी केबलला खाली झुकणारा एक वळसा दिला, तर पाणी त्या वळशाच्या तळातून ठिबकून जाते आणि डबी कोरडी राहते. एवढ्या वळशाअभावी केंद्र बंद पडू शकते. रात्री दव पडते तेव्हाही हाच वळसा कामी येतो.

ड्रोन बदलताना चालू कॉल तुटतात का?

दुसरा ड्रोन आधी वर गेला, त्याची सेवा सुरू झाली आणि शेजारी केंद्र म्हणून दोघांची परस्परांना नोंद असली, तर चालू कॉल एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. पहिला उतरवून मग दुसरा वर पाठवला, तर कॉल तुटतो आणि फोन पुन्हा जाळे शोधत बसतात. एकच ड्रोन घेऊन येणाऱ्या पथकाकडून अखंड सेवेची अपेक्षा ठेवू नये.

ड्रोनमुळे जवळच्या चालू टॉवरला त्रास होतो का?

होऊ शकतो, आणि हा मुद्दा अनेकदा दुर्लक्षित राहतो. उंचीवरचा ड्रोन अनेक किलोमीटरवरील टॉवरना थेट दिसतो. वारंवारतेचा तोच पट्टा वापरला, तर दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. मग ड्रोनजवळच्या गावाला सेवा मिळते, पण दहा किलोमीटरवरील चालू टॉवरच्या कडेवरचे गाव आपली सेवा गमावते. त्यामुळे पट्टा, केंद्राचा ओळख क्रमांक आणि प्रक्षेपणाची ताकद कंपनीच्या नियोजन विभागानेच ठरवावी लागते. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत जाणारा आणि येणारा सिग्नल एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालतो. तेथे ड्रोनचे घड्याळ आसपासच्या केंद्रांशी दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेले असावे लागते. हे काम उपग्रहावरून मिळणाऱ्या वेळेवर चालते. तो वेळ मिळेनासा झाला, तर ड्रोन मदतीऐवजी अडथळा होतो. साधी फोर-जी सेवा ८५०, ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झवर द्यायची झाल्यास ही अट बरीच सैल असते, म्हणून आपत्तीत तीच आम्ही सुचवू.

ड्रोनचा सिग्नल जोरात आहे, मग आपला आवाज समोरच्याला तुटक का ऐकू जातो?

ड्रोनकडे जनरेटरची शक्ती आहे, आपल्या फोनकडे नाही. फोर-जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅट ताकदीने प्रक्षेपण करतो. म्हणून व्याप्तीच्या कडेवर ड्रोनचे बोलणे आपल्याला स्पष्ट ऐकू येते, पण आपले बोलणे ड्रोनपर्यंत पोहोचत नाही. व्याप्तीचे क्षेत्र ठरवताना नेहमी फोनकडून ड्रोनकडे जाणाऱ्या दुव्याचा हिशेब धरावा. पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या व्यक्तीने अंगणात येऊन बोलणे, हा त्यावरचा विनाखर्चाचा उपाय आहे.

सर्व कंपन्यांची सिमकार्डे चालतील का?

आपोआप चालत नाहीत. ड्रोन ज्या कंपनीचा, तिचीच सिमकार्डे चालतात. आपत्तीत दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांच्या ग्राहकांना सेवा देण्यास सांगू शकतो, आणि २०२३ मध्ये गुजरातला बिपरजॉय चक्रीवादळ धडकले तेव्हा अशी व्यवस्था लागू केली गेली होती. ती लागू असेल, तर सिम कोणतेही असो, फोन जोडला जातो. नसेल, तरीही ११२ हा आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लावता यावा, अशी मोबाइलची रचना असते. फोनवर केवळ आपत्कालीन कॉल असे शब्द दिसत असतील, तरी ११२ लावून पाहावा.

ग्रामपंचायतीने स्वतः असा ड्रोन विकत घेऊन उडवावा का?

नाही. मोबाइलचे पट्टे परवानाधारक कंपन्यांचे आहेत आणि परवान्याशिवाय त्यांवर प्रक्षेपण करणे कायद्याने गुन्हा आहे. बाजारात मिळणारे विनापरवाना सिग्नल बूस्टरही याच कारणाने बेकायदेशीर आहेत. हवेतील बाजू २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांखाली येते. रेडिओसह असा ड्रोन सहसा २ किलोंच्या वर भरतो, म्हणून नोंदणी आणि प्रमाणपत्रधारक चालक आवश्यक ठरतो. उड्डाणाचे हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर पाहता येतात. मेळघाट आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पांच्या परिसरात वन विभागाची, तर गडचिरोलीत पोलीस प्रशासनाची संमती मिळवल्याशिवाय काहीही हवेत सोडू नये. ग्रामपंचायतीने जागा, इंधन, माणसे आणि स्थानिक माहिती पुरवावी. तिचे तेवढे योगदानही फार मोलाचे आहे.

ड्रोन आला म्हणून कायमच्या टॉवरची मागणी सोडून द्यावी का?

अजिबात सोडू नये. नक्षलग्रस्त भागातील २,३४३ टू-जी टॉवर फोर-जीमध्ये बदलण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये सेवा नसलेल्या २४,६८० गावांना फोर-जी देण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेलाही मंजुरी मिळाली. आपले गाव त्या यादीत आहे का, हे तपासणे आणि नसल्यास पाठपुरावा करणे हा ग्रामसभेचा हक्क आहे. टॉवरच्या बॅटरीची क्षमता वाढवणे, त्याला सौर पॅनेल जोडणे आणि पावसाळ्यापूर्वी डिझेलचा साठा करून ठेवणे, या उपायांनी ड्रोन बोलावण्याची वेळच अनेकदा टळते. या कामांना आम्ही ड्रोनपेक्षा वरचा क्रम देतो.

सिग्नल भरवशाचा आहे, हे मोजायचे कसे?

दांड्यांवर विसंबू नये, कारण त्या प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या हिशेबाने दिसतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली डीबीएम या सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककातील ऋण आकडा दिसतो. फोर-जीसाठी उणे ९० च्या आसपासचा आकडा चांगला, उणे १०५ म्हणजे काठावरचा आणि उणे ११५ च्या खाली कॉलचा भरवसा नाही, असा ढोबळ निकष धरता येतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी आशा सेविकेने आपल्या प्रत्येक टोल्यावर तीन ठिकाणी, म्हणजे घरात पत्र्याखाली, ओसरीत आणि अंगणात, हा आकडा वहीत लिहावा. तिन्हींत दहा-वीस डेसिबलचा फरक सहज दिसतो आणि कोणत्या टोल्यावरील लोकांना बाहेर येऊन बोलायला सांगावे लागेल, हे त्याच वहीवरून ठरते.

त्यासोबत कॉलची नोंद हवी. किती वेळा लावला, किती वेळा लागला आणि लागल्यावर दोन मिनिटे टिकला का, हे तीन आकडे पुरेसे आहेत. एखादी कंपनी आपला ड्रोन ९५ टक्के भरवशाचा आहे असे सांगते, तेव्हा बॅकहॉल आणि जनरेटर यांचे काय, हे विचारावे. तिन्ही प्रत्येकी ९५ टक्के वेळ चालत असतील, स्वतंत्रपणे बंद पडत असतील आणि सेवेला तिन्ही एकदम लागत असतील, तर एकूण सेवा सुमारे ८६ टक्केच वेळ मिळते, म्हणजे दिवसाकाठी साडेतीन तासांच्या आसपास फोन बंद राहतो. हा आकडा कमी करण्यासाठी आणखी चांगला ड्रोन घेण्यापेक्षा दुसरा जनरेटर आणि दुसरा बॅकहॉल ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.

पावसाळ्यापूर्वी गावाने काय तयार ठेवावे?

मे महिन्यातच तहसील कार्यालयाच्या मदतीने उड्डाणाची जागा ठरवावी. पुराचे पाणी न चढणारी, वरून वीजवाहिन्या न जाणारी, मोठ्या झाडांपासून लांब आणि गाडी किंवा ट्रॅक्टर पोहोचेल अशी जागा हवी. शाळेचे मैदान नेहमीच योग्य नसते, कारण पुरात तेथेच निवारा केंद्र उघडते आणि जनरेटरच्या आवाजाचा, फिरत्या पंख्यांचा मुलांना धोका असतो. गावाभोवतीची उंच ठिकाणे जाणत्या गुराख्यांना ठाऊक असतात. तेथे फोन लावून पाहून त्यांची यादी करावी. किमान तीन दिवसांचे डिझेल कुलूपबंद जागी ठेवावे आणि त्याची चावी दोन व्यक्तींकडे असावी. कोणत्या टोल्यावर गरोदर महिला, डायलिसिसवरील किंवा सिकलसेलचे रुग्ण आहेत, याची यादी सरपंच आणि आशा सेविका यांच्याकडे कागदावर असावी, फोनमध्ये नव्हे. ड्रोनचे पथक येताच ही यादी आणि उंच ठिकाणांचा कच्चा नकाशा चालकाच्या हाती द्यावा, म्हणजे अँटेनाची दिशा पहिल्याच उड्डाणात त्या टोल्यांकडे वळवता येते.